बागेतले पाणी

सकाळची बाग ज्यांची असते आणि दुपारची बाग ज्यांची असते, त्या दोन प्रकारच्या माणसांची उन्हाळ्यात परस्परांशी सहसा गाठ पडत नाही. सकाळी येणारी मंडळी, म्हणजे निवृत्त गृहस्थ, मधुमेह झालेले आणि मधुमेह होईल या धाकाने चालणारे लोक, घरून पाणी पिऊन निघालेली असतात, घरी परतल्यावर त्यांचा चहा ठरलेला असतो, आणि मधल्या तासाभरात घसा कोरडा पडलाच तर फाटकाबाहेर आवळ्याचा नाहीतर दुधीभोपळ्याचा रस घेऊन कोणी ना कोणी उभाच असतो. दुपारी येणाऱ्यांची कथा निराळी. दोन घरची धुणीभांडी आटोपून तिसऱ्या घरचे दार चार वाजता उघडण्याची वाट पाहणारी बाई, पत्र्याच्या खोलीत बसवेना म्हणून बाहेर पडलेला म्हातारा, लोकांच्या घरी जेवण पोचवता पोचवता ज्याचे स्वतःचे जेवण राहून गेले असा तरुण, स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उशाशी घेऊन बाकावर आडवा झालेला परगावचा विद्यार्थी, आणि सकाळभर मजूर अड्ड्यावर उभे राहूनही ज्याला कोणी कामावर नेले नाही तो गवंड्याच्या हाताखालचा माणूस, ही सारी बागेत येतात ती निसर्गशोभा पाहण्यासाठी नव्हे. भाडे न देता मिळणारी सावली शहरात आता फार ठिकाणी उरलेली नाही, म्हणून ती येतात. आणि सावलीत टेकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्यांना जी वस्तू हवी होते ती म्हणजे पाणी.

आमच्या पुण्यातल्या बागेत त्या पाण्याची तजवीज मुळीच केलेली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कुंपणाच्या भिंतीला लागून सिमेंटचा एक ओटा आहे, त्यावर शहाबादी फरशी बसवलेली आहे, आणि मागे कोणा सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही पाणपोई बांधल्याचे सांगणारी संगमरवरी पाटी आहे. नळ तीन. पहिल्याचा कान तुटल्यामुळे तो उघडत नाही. दुसऱ्याच्या जागी चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकलेली आहे, कारण पितळी तोटीला भंगारात भाव येतो ही गोष्ट ज्यांना कळायची त्यांना फार पूर्वीच कळलेली आहे. तिसरा थेंबथेंब गळतो, आणि त्याच्या खालच्या ओलाव्यावर भर दुपारी गांधीलमाश्यांचा असा मुक्काम पडलेला असतो की तेथे ओंजळ पुढे करण्यास कोणी धजत नाही. एके काळी येथे साखळीने बांधलेला पेला होता. आता साखळी तेवढी आहे. आणि या ओट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, त्याच वेळी, हिरवळीवर फवारे गरगर फिरत असतात. ते पाणी सांडपाणी शुद्ध करून आणलेले असते, सबब ते पिण्यास अयोग्य असल्याची पाटीही तेथे लावलेली आहे. झाडांसाठी असे पाणी वापरावे हे शहाणपणाचेच आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका संभाषणाने मनात रुजवलेली. एक प्रौढ बाई, पदराने तोंड पुसत, फवाऱ्याची नळी सरकवणाऱ्या माळ्याजवळ जाऊन विचारत होती, “दादा, हे पाणी तोंडावर मारलं तर चालंल का?” माळी म्हणाला, “नका मारू मावशी, ते झाडांचं पाणी आहे. माणसांचं पाणी होळीपासून बंद आहे.” त्याच्या स्वरात उपरोधाचा लवलेश नव्हता, आपल्या खात्यातली वस्तुस्थिती तो कारकुनाच्या निर्विकारपणाने निवेदन करत होता. एवढे बोलून तो झाडाच्या बुंध्याशी गेला, ओल्या फडक्यात गुंडाळून घरून आणलेली स्वतःची बाटली त्याने काढली आणि ती तिच्या हातात दिली. खात्याच्या कसुरीची भरपाई खात्याच्या सर्वांत खालच्या नोकराने पदरच्या पाण्याने केली. या कृतीतले सौजन्य मला नाकारायचे नाही. परंतु ज्या शहराच्या तिजोरीत कोट्यवधींची आवकजावक होते, त्या शहरातल्या तहानलेल्या बाईला एका माळ्याच्या बाटलीवर अवलंबून राहावे लागावे, यात त्या शहराचा जो उणेपणा उघडा पडतो तो त्या सौजन्याने झाकला जात नाही.

उन्हाळ्यात तहान लागणे ही आता पूर्वीइतकी साधी बाब राहिलेली नाही. आपल्या शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचा, भोवतालची हवा अंगाहून अधिक तापलेली असताना, घाम हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो, आणि उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाचा एवढा घाम तासाभरातही निघू शकतो. घामाचे आणि माठाचे शास्त्र एकच आहे: पाणी वाळते तेव्हा ते गारवा ठेवून जाते, आणि आत पाणीच उरले नाही तर वाळणार काय? म्हातारपणी तर तहानेची जाणीवच बोथट होते, त्यामुळे ज्याला पाण्याची गरज सर्वाधिक तोच पाणी मागायला विसरतो; आणि कोकणपट्टीसारख्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, म्हणजे पाणी खर्ची पडते आणि गारवा मात्र पदरात पडत नाही. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेची जी व्याख्या केली आहे तिच्यात हा भेद ध्यानात घेतलेला आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस आणि किनाऱ्यावर निदान ३७ अंश झाले, आणि ते त्या दिवसाच्या सरासरीहून किमान साडेचार अंशांनी चढले, की लाट आली असे समजावे. मैदानात पारा ४५ च्या घरात गेला की सरासरी पाहण्याचेही कारण उरत नाही.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. विदर्भातल्या माणसाला अशा आकड्यांचे नवल वाटत नाही. नवतपाचे नऊ दिवस म्हणजे खिडक्यांना वाळ्याचे ताटे, खिशात कांदा आणि डोक्याला गमछा, असा तेथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. परंतु ऊन मारते ते आकड्याच्या उंचीनेच मारते असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभासाठी जो अफाट जनसमुदाय लोटला होता, त्यातली १४ माणसे उष्माघाताला बळी पडली. आणि त्या दिवशी त्या परिसरात पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि तासन्‌तास बसलेला समुदाय, एवढी सामग्री माणसे दगावण्यास पुरेशी ठरली. अहमदाबादेत मे २०१० मध्ये जी लाट आली तिच्यात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे संशोधकांनी हिशेब करून दाखवले. त्या शहराने त्या आकड्याचा विषाद मनाला लावून घेतला आणि २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा एक रीतसर आराखडा तयार केला, ज्यात धोक्याच्या इशाऱ्यांबरोबर सावलीच्या जागा आणि पिण्याचे पाणी यांनाही स्थान होते. पाणी आणि सावली ही दोन जेथे एकत्र सापडावीत अशी शहरातली स्वाभाविक जागा कोणती, असा प्रश्न केला तर बाग याखेरीज दुसरे उत्तर मला सुचत नाही.

आपल्या पूर्वजांनाही दुसरे उत्तर सुचले नव्हते. धर्मशास्त्रकारांनी सत्कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन विभाग केले; यज्ञयागादी कर्मे इष्टात गेली, आणि पूर्तात त्यांनी विहीर, बारव, तलाव, देवालय, अन्नदान आणि आराम, म्हणजे बाग, यांना एकाच ओळीत बसवले. ही केवळ ग्रंथातली व्यवस्था नव्हती, याचा दाखला पाहायचा असेल तर नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत जावे. तेथील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा जो शिलालेख आहे, तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्याचे, आणि त्याबरोबर बागा, तलाव व विहिरी करविल्याचे नमूद आहे. एवढेच नव्हे, तर तापी, दमणा, दाहनुका इत्यादी नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. नदीकाठी पाणपोई कशाला, असा प्रश्न एखाद्या काटकसरी हिशेबनिसाने त्या काळीही केला असेल. परंतु उन्हातून नदी उतरून आलेल्या वाटसरूला गढूळ प्रवाहाशी वाकायला न लावता सावलीत बसवून निवळलेले पाणी द्यावे, हा विचार त्या परकीय वंशाच्या अधिकाऱ्याने केला. आणि मुंबईकरांना तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यालेण्यांशी, पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या ज्या पोढी खोदलेल्या आहेत, त्यांतल्या कित्येकींवर दात्यांचे लेख आहेत; आणि कान्हेरीला दाने देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आणि कारागीरही होते.

दगडात नाव कोरून पाणी देण्याची ही वहिवाट मुंबईत नळ आल्यावरही मोडली नाही. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात खेळू लागले, आणि तोवर तलाव व विहिरी बांधण्यात ज्यांनी पुण्य जोडले असते ते धनिक आता रस्त्याच्या कडेला तोट्यांच्या पाणपोया बांधू लागले. ‘रेडीमनी’ या नावाने ओळखले जाणारे सर कावसजी जहांगीर यांनी शहराला अशा ४० पाणपोया दिल्या. भाटिया, लोहाणा, पारशी, पाठारे, कोळी अशा नाना ज्ञातींच्या शेटसावकारांनी आपल्या दिवंगत आप्तांच्या नावाने मलाडच्या दगडाचे घुमट आणि जाळ्या उभारल्या. फोर्टातली मुलजी जेठांच्या घराण्याची पाणपोई तर एका बापाने अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बांधलेली आहे. या पाणपोयांची रचना जवळून पाहण्यासारखी असते: कमरेच्या उंचीवर माणसांसाठी तोटी, आणि तिच्यातून सांडलेले पाणी वाया न जाता खाली बैलांच्या आणि घोड्यांच्या कुंडीत जावे अशी पन्हळ. सांडलेल्या पाण्याचीही ज्याने विल्हेवाट योजून ठेवली तो गवंडी आणि त्याचा धनी, या दोघांना तहान म्हणजे काय हे पुरते समजलेले होते. राणीच्या बागेत अशीच एक विसाव्या शतकाच्या आरंभीची दगडी पाणपोई आहे, आणि अलीकडे तिची डागडुजी करण्यात आली, ही गोष्ट त्या बागेच्या चालकांना भूषणावह आहे.

गावोगावी मात्र दगडी घुमट नव्हते. तेथे चैत्र लागला की वडाखाली झावळ्यांचा मांडव पडे, दोन-तीन रांजण वाळूत अर्धे पुरले जात, त्यांच्यावर लाल आलवणाचे ओले फडके घट्ट बांधले जाई आणि पाण्यात वाळ्याची जुडी सोडली जाई. अक्षय्य तृतीयेला ब्राह्मणाला उदककुंभ देणारे घर त्याच दिवशी पाणपोईलाही एखादा डेरा देई. मांडवात एक म्हातारा किंवा म्हातारी बसलेली असे, आणि ती लांब दांड्याच्या ओगराळ्याने आल्यागेल्याच्या ओंजळीत पाणी ओती; ओतण्यापूर्वी हातावर गुळाचा खडा ठेवी, कारण उन्हातून आलेल्या माणसाने रित्या पोटी घटाघटा पाणी पिऊ नये हे तिला कोणत्याही वैद्यकग्रंथावाचून ठाऊक होते. मृगाचा पाऊस पडला की मांडव उतरे. या सबंध व्यवस्थेत शासनाचा हुकूम नव्हता, मंजुरी नव्हती, आणि दप्तरात तिचा एक कागदही नव्हता; तरी ती वर्षानुवर्षे बिनबोभाट चाले, कारण पाण्यामागे कोणीतरी माणूस बसलेला असे आणि रांजण रिकामा झाला तर गाव त्याला विचारी.

या स्मृतीत रमणे सुखाचे आहे. परंतु येथे थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. ओगराळ्याचा दांडा लांब असण्याला आणखी एक कारण होते. ओंजळीत वरून पाणी ओतण्याची जी पद्धत आपण आज स्वच्छतेची म्हणून वाखाणतो, ती पुष्कळ ठिकाणी विटाळाची पद्धत होती. कित्येक पाणपोयांवर काही जातींच्या ओंजळी अधिक दूर धरल्या जात आणि त्यांच्यासाठी पाणी बांबूच्या पन्हळीतून सोडले जाई, आणि कित्येक पाणवठ्यांशी तर त्यांना येताच येत नसे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून पुण्याच्या पेठापेठांतल्या हौदांत आले, हे त्या काळच्या स्थापत्याचे मोठे यश. परंतु त्या हौदांनी वाढलेल्या शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, यावरून ते सार्वजनिक पाणी किती सार्वजनिक होते हे दिसून येते. पाणी देणारा पुण्य जोडत असतो तोवर कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अखत्यारही त्याच्याच हाती राहतो. दानाचा हा दोष दात्याच्या स्वभावातून येत नाही. तो दानाच्या घडणीतच असतो.

म्हणूनच महाडच्या चवदार तळ्याची हकीगत ही मला पाण्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची हकीगत वाटते, आणि तिच्यातला कारभाराचा भाग आपण पुरेशा बारकाईने वाचत नाही याचे वाईट वाटते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव करून आपले तळे खुले केले. खुले केले ते कागदावर; तळ्याच्या पायऱ्यांवर काहीही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे त्या पायऱ्या उतरली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाचा पहिल्याने अंमल झाला. त्याच साली नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला, आणि अखेरचा निकाल उच्च न्यायालयाकडून मिळायला मार्च १९३७ उजाडावा लागला. ठराव संमत होणे आणि पाणी तोंडापर्यंत पोचणे यांत किती अंतर असते, हे महाडने एकदा मोजून दाखवले आहे. आजच्या बागेतल्या कोरड्या तोटीची तुलना त्या अन्यायाशी करणे हा औचित्यभंग होईल, आणि मी ती करत नाही. परंतु त्या लढ्याने एक सिद्धान्त कायमचा प्रस्थापित केला: सार्वजनिक पैशाने राखलेल्या जागेतले पाणी हे कोणाच्या कृपेचे नसते. ते तेथे असलेच पाहिजे, आणि ते येणाऱ्या प्रत्येकाचे असले पाहिजे. या सिद्धान्ताचा दुसरा भाग आपण निदान तत्त्वतः मान्य केला. पहिल्या भागाकडे मात्र दुर्लक्ष झाले.

हे दुर्लक्ष कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणाने झाले असे मला वाटत नाही. ते खात्यांच्या वाटणीत झाले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानाला जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगरपालिकांकडे सोपवायचे १८ विषय दिलेले आहेत. त्यांतला पाचवा विषय पाणीपुरवठ्याचा, पण तो घरगुती, औद्योगिक आणि वाणिज्यिक प्रयोजनांसाठी. बारावा विषय उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे यांचा. बाकावर बसलेल्या त्या बाईची तहान घरगुती नाही, कारण ती घरात नाही. औद्योगिक नाही, वाणिज्यिक तर नाहीच. जे पूर्वसूरींनी एका ओळीत लिहिले होते ते दोन कलमांत विभागले गेले, आणि त्या दोहोंच्या मधल्या कोऱ्या जागेत बागेतली पाणपोई पडली. पाणी खात्याला विचारावे तर ते म्हणते, जोडणी फाटकापर्यंत आमची, आतले उद्यान खात्याकडे. उद्यान खाते म्हणते, आमची तरतूद झाडे, हिरवळ आणि रखवालदार यांची, नळ बिघडला तर अर्ज पाणी खात्याकडे करावा. आणि पाणपोई तर कोणा तिसऱ्याच्या देणगीतून आलेली, तेव्हा तिची देखभाल मुळात कोणाच्याच जमाखर्चात नाही. देणगीदार पाटी बसवून निघून जातो, उद्घाटनाची फीत कापली जाते, आणि पहिली तोटी चोरीस गेल्यावर दुसरी बसवण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर सगळा कारभार येऊन ठेपतो.

मोफत पाण्याविरुद्ध जे आक्षेप ऐकू येतात तेही प्रामाणिकपणे तपासून पाहावेत. लोक तेथे भांडी घासतील, अंघोळी करतील, पाणी वाया जाईल, हा पहिला आक्षेप. त्यावर दाबल्याखेरीज न उघडणारी तोटी हा फार जुना आणि स्वस्त इलाज आहे, आणि एखाद्याने तोंड धुतले तर लाटेच्या दिवसांत ते पाणी वाया गेले असे मी तरी म्हणणार नाही. तोट्या चोरीस जातात, हा दुसरा. त्या पितळेच्या असतात तोवर जातात, आणि रखवालदाराची खुर्ची पाणपोईच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायला कोणत्याही निविदेची आवश्यकता नसते. पाणी अस्वच्छ असल्यास रोगराई पसरेल, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे: टाकी किती तारखेला धुतली, पाण्यात क्लोरीन कोणी तपासले, हे टाकीवरच खडूने लिहिलेले असावे, म्हणजे पिणारालाही वाचता येईल आणि न धुणारालाही ते टोचत राहील. राहिला शेवटचा आक्षेप, की हल्ली सगळे आपापली बाटली आणतात. आणतात खरे, पण सकाळी सहाला भरलेली बाटली दुपारी दोनपर्यंत पुरत नाही, आणि ती पुन्हा भरायची कोठे, तर फाटकाबाहेरच्या टपरीवर वीस रुपये मोजून. दिवसाकाठी अशा दोन-तीन बाटल्या घ्यायच्या म्हणजे हाताखालच्या मजुराने आपल्या मजुरीचा लक्षात येण्याजोगा भाग तहानेपायी देऊन टाकायचा. आणि तो देत नाही, तो तहान मारतो. उष्माघाताच्या नोंदवहीत त्याचे नाव येते तेव्हा कारण म्हणून ऊन लिहिले जाते; ज्याच्या अभावी त्याला वाचता आले नाही त्या पाण्याचा उल्लेख त्या रकान्यात होत नाही.

आणि पाण्याहूनही आधीचा एक प्रश्न फाटकाचा आहे. आमची बाग दुपारी उघडी असते, परंतु पुण्यातल्या पालिकेच्या इतर पुष्कळ बागा सकाळी उघडतात, साधारण अकराच्या सुमारास बंद होतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उघडतात. माळ्यांची जेवणे, साफसफाई, प्रेमी युगुलांविषयीच्या तक्रारी, अशी या वेळापत्रकामागची कारणे असतील. आणि ज्या काळी दुपारी जो तो आपापल्या घरी किंवा कचेरीत असे, त्या काळी ती पटण्यासारखीही होती. पण ज्या चार-पाच तासांत शहरातला रस्ता तव्यासारखा तापतो, नेमक्या त्याच तासांत शहरातल्या सर्वांत थंड जागेला कुलूप असावे, हे आजच्या हवामानात कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. त्या वेळी दुपारची मंडळी अशा बागांच्या कुंपणाबाहेर, भिंतीवरून ओणवलेल्या झाडांची जी पट्टीभर सावली पदपथावर पडते तीत, एका रांगेत बसलेली दिसतात.

यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे: दुपारी उघडे फाटक, सावलीत बसवलेल्या दाबाच्या तोट्या, झाकण असलेली टाकी, ती धुतल्याची तारीख, विजेवर चालणारे शीतयंत्र परवडत नसेल तेथे वाळूवर ठेवलेले माठ, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या नावावर ही सगळी जबाबदारी लिहिलेली आहे असा एक इसम. गावच्या पाणपोईची म्हातारी आपल्याला परत आणता येणार नाही आणि आणूही नये. परंतु रांजण रिकामा झाला तर कोणाला विचारायचे हे जसे त्या गावाला ठाऊक होते, तसे ते या शहरालाही ठाऊक असले पाहिजे. दानशूरांनी दाने अवश्य द्यावीत, त्यांच्या पाट्याही खुशाल लागाव्यात; मात्र पाटीखालच्या नळाला पाणी ठेवण्याचे ओझे त्यांच्या वारसांवर टाकून शहराने मोकळे होऊ नये.

या मागणीची एक अडचण कालगणनेची आहे, आणि तीच बहुधा सर्वांत मोठी आहे. तहान वैशाखात लागते; पालिकेचे अंदाजपत्रक हिवाळा सरता सरता स्थायी समितीपुढे येते. उन्हाचा चटका बसल्यावर वर्तमानपत्रांत पत्रे छापून येतात, मग कोणी सभासद प्रश्न विचारतो, मग पाहणी होते, मग निविदा निघते, आणि शीतयंत्र बागेत येऊन पोचते तेव्हा आषाढाची झड लागलेली असते. ते ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, आणि पुढल्या होळीपर्यंत त्याची तोटी कोणीतरी काढून नेतो. तेव्हा ज्यांना बागेत पाणी हवे आहे त्यांनी ते थंडीत मागितले पाहिजे, स्वेटर घालून, तहान लागलेली नसताना, आणि मुख्यतः ज्यांना ती कधी लागत नाही अशा आम्हा सकाळच्या मंडळींनी. दुपारची माणसे अर्ज लिहायला येणार नाहीत. त्यांना चार वाजता तिसऱ्या घरी पोचायचे असते. यंदाच्या मार्गशीर्षात आमच्या बागेत फिरणाऱ्यांच्या सह्या घेऊन मी असा एक अर्ज पालिकेत नेणार आहे. त्यात उद्यान खात्याच्या जमाखर्चात पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र बाब उघडावी, तिच्यावर एका जबाबदार नोकराचे नाव घालावे, आणि होळीपासून मृगापर्यंत सगळ्या बागांचे फाटक दुपारी उघडे ठेवावे, एवढ्या तीनच मागण्या असतील. आणि अर्जाची बारनिशीत नोंद होऊन पोच हातात पडल्याखेरीज खिडकीपासून हलायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे.